कै. डॉ. कमलाबाई सोहोनी

गतवर्षीच्या पालकदिनाची गोष्ट आहे. सभा आटोपून मंडळी चहापानाकडे वळली असता इंदापूर तालुक्यातील एक बाई आमच्याजवळ आल्या. त्यांचा मुलगा आमच्या शाळेत दहावीच्या वर्गात शिकत होता. घरी थोडी कालव्याची जमीन व तीत पेरूची बाग. त्यांनी पिशवीतून औषधाची एक डबी काढून आमच्या हाती दिली आणि परीक्षेच्या वर्षी मुलास ह्या गोळ्या चालू ठेवाव्यात की काय, असे विचारले. डबीवर ठळक अक्षरांत ॲन्टिऑक्सिडंट हा शब्द छापलेला होता. तिची किंमत मजुराच्या दोन दिवसांच्या रोजाइतकी होती, आणि ती त्यांनी पेरूच्या पैशांतून भरली होती.

आम्ही पदवीधर, इतकी वर्षे मुलांस विज्ञान शिकवीत आलो. परंतु त्या वेळी आमच्याकडून निश्चित असे उत्तर देववले नाही. काहीतरी गुळमुळीत बोलून आम्ही मान हलविली, आणि त्या बाई समाधानाने निघून गेल्या. त्यांचे ते समाधान आम्हांस पुष्कळ दिवस टोचत राहिले. पुढे ह्या विषयावर जे मिळेल ते वाचीत असता एका महाराष्ट्रीय विदुषीचे चरित्र आमच्या वाचनात आले. आपल्या लोकांच्या साध्या अन्नात काय आहे व काय नाही, ते ऐकीव माहितीवर न सांगता काचेच्या नळीत तपासून सांगावे, ह्या एका कामात तिने आपले आयुष्य वेचले. तेच चरित्र ह्या अंकात आमच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहोत.

कमलाबाईंचा जन्म दि. १८ जून १९११ रोजी इंदूर येथे झाला. त्यांचे माहेरचे आडनाव भागवत. मराठीच्या तासाला ज्यांचे लेख आपण वाचतो, आणि १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी ज्या विराजमान झाल्या, त्या दुर्गाबाई भागवत ह्या कमलाबाईंच्या वडील भगिनी. वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्राचे पदवीधर असून बंगळूर येथील टाटांच्या विज्ञानसंस्थेत शिकलेले होते. अशा घरात वाढलेल्या मुलीस रसायनशास्त्राची गोडी लागली ह्यात नवल नाही. १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्सी. परीक्षेत त्या पहिल्या आल्या आणि वडिलांच्याच संस्थेत पुढील अभ्यास करण्याच्या उमेदीने त्यांनी बंगळुरास अर्ज केला.

अर्ज नामंजूर झाला. कारण गुण कमी पडले हे नव्हे. अर्जदार स्त्री आहे हे कारण. संस्थेचे संचालक त्या वेळी सर चंद्रशेखर व्यंकट रामन हे होते. नोबेल पारितोषिक मिळविलेला, सर्व देशाने डोक्यावर घेतलेला हा थोर पुरुष. परंतु मोठ्या माणसाच्या ठायीही एखादा कोपरा अंधारा राहतो. कमलाबाई मुंबईस रडत बसल्या नाहीत. त्या थेट बंगळुरास गेल्या, नकाराचे कारण लेखी द्यावे म्हणून आग्रह धरिला, आणि महात्माजींच्या मार्गाने सत्याग्रह करण्याचा आपला निश्चय कळविला. अखेर रामन ह्यांनी त्यांस प्रवेश दिला, पण अटी घालून. पहिले वर्षभर त्यांस नियमित विद्यार्थिनी समजले जाणार नाही. मार्गदर्शक सांगतील तर रात्री उशिरापर्यंतही काम करावे लागेल. आणि त्यांच्या असण्याने प्रयोगशाळेतील वातावरण बिघडता कामा नये! ह्या तिसऱ्या अटीचा डंख कमलाबाई वृद्धापकाळीही विसरल्या नाहीत. अटी मात्र त्यांनी सर्व पाळल्या. श्री. श्रीनिवासय्या ह्या कडक पण न्यायी गुरूंच्या हाताखाली दूध, डाळी व कडधान्ये ह्यांतील प्रथिनांचा त्यांनी अभ्यास केला. वर्ष संपल्यावर रामन ह्यांची खात्री पटली आणि त्या संस्थेचे दार पुढे अन्य मुलींसही खुले झाले. १९३६ साली त्यांनी एम्. एस्सी. ही पदवी विशेष प्राविण्यासह मिळविली.

शिष्यवृत्ती मिळवून त्या १९३७ साली विलायतेस केंब्रिज विद्यापीठात दाखल झाल्या. तेथील जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचे प्रमुख सर फ्रेडरिक गाउलंड हॉपकिन्स हे होते. जागा सर्व भरलेल्या होत्या. तेव्हा डॉ. डेरिक रिक्टर ह्या संशोधकाने आपले मेज दिवसा ह्या हिंदी मुलीस देऊ केले व आपण स्वतः त्याच मेजावर रात्री काम करू लागला. बंगळुरास रात्रीची अट विद्यार्थिनीवर पडली होती. येथे रात्र एका परक्या गृहस्थाने आपणहून पत्करिली. चरित्रातील हा प्रसंग वाचून आम्ही पुस्तक क्षणभर मिटून ठेविले, हे कबूल करण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

आता त्या प्रयोगशाळेत कोणता प्रश्न शिजत होता ते समजण्याकरिता वाचकांनी थोडे विषयांतर सोसावे. प्राणवायूवाचून आपण जगत नाही, हे लहान मूलही सांगेल. परंतु हाच प्राणवायु लोखंडास गंज चढवितो, तेलास खवट करितो, चिरून ठेविलेल्या वांग्यास व बटाट्यास काळे पाडितो. आपल्या देहात अन्नाचे जे ज्वलन होते त्यालाही हाच लागतो. ते ज्वलन चुलीतील जाळाप्रमाणे भडकत नाही. पायरी पायरीने, मंदपणे होते. तरी चुलीतून जशा ठिणग्या उडतात, तसे त्यातूनही काही उपद्रवी कण उडतात व पेशींच्या आवरणांस इजा करितात. जे पदार्थ पुढे होऊन हा मार स्वतःवर घेतात व पेशी वाचवितात, त्यांस ॲन्टिऑक्सिडंट म्हणजे ऑक्सिडीकरणरोधक असे नाव आहे. चिरलेल्या सफरचंदावर लिंबू पिळले असता फोडी पांढऱ्या राहतात, हा त्याचाच घरगुती दाखला. लिंबातील जीवनसत्त्व क प्राणवायूचा घाव आपल्या अंगावर घेते. शिवाय लिंबाच्या आंबटपणामुळे फोडी काळ्या पाडणारे द्रव्यही मंदावते.

हॉपकिन्स ह्यांनी १९२१ साली ग्लुटाथायोन नावाचे द्रव्य शोधून काढिले. असाच रक्षणाचा पदार्थ आपले शरीर स्वतःच तयार करिते, विकत आणावा लागत नाही, हे त्यावरून पुढे कळले. त्यांच्याच प्रयोगशाळेत हंगेरी देशाचा आल्बर्ट झेंट-ज्यॉर्जी हा तरुण काही फळे चिरली असता काळी पडतात व काही पडत नाहीत, ह्या क्षुल्लक दिसणाऱ्या गोष्टीचा पिच्छा पुरवीत १९२८ साली एका नव्या आम्लापर्यंत येऊन पोहोचला. तेच जीवनसत्त्व क, हे त्याला काही वर्षांनी उमगले. मायदेशी सेगेद गावी परतल्यावर तेथील तांबड्या मिरचीत ते इतके सापडले की त्याने ते किलोंनी काढिले. आपण भाकरीबरोबर ज्या मिरचीचा ठेचा खातो, तिचीच ती बहीण. १९३७ साली त्यास नोबेल पारितोषिक मिळाले. आणि त्याच साली कमलाबाईंनी केंब्रिजमध्ये पाऊल ठेविले.

रिक्टर अन्यत्र गेल्यावर कमलाबाई डॉ. रॉबिन हिल ह्यांच्याजवळ काम करू लागल्या. विषय म्हणाल तर बटाटा! देहातील ज्वलनाच्या शेवटल्या पायऱ्यांवर विद्युत्कण हातोहात प्राणवायूपर्यंत पोहोचविणारे सायटोक्रोम सी नावाचे लोहयुक्त तांबूस द्रव्य वनस्पतींच्या पेशींतही आहे, आणि त्यांच्या श्वसनात त्याचा भाग आहे, असे त्यांनी बटाट्यावरून दाखवून दिले. माणूस, बैल आणि शेतातील बटाटा हे तिघेही एकाच रीतीने श्वास घेतात, हा त्याचा अर्थ. परमेश्वराच्या कारागिरीत केवढी ही एकसूत्रता! केंब्रिजला आल्यापासून चौदा महिन्यांच्या आत त्यांनी आपला प्रबंध पुरा केला. तो टंकलिखित अवघ्या चाळीस पानांचा होता. आमच्या निबंधाच्या वह्यांत पाने भरण्याची स्पर्धा करणाऱ्या विद्यार्थ्यांनी ह्या आकड्याकडे अवश्य लक्ष द्यावे. १९३९ साली त्यांस पीएच्. डी. मिळाली. विज्ञानविषयात ही पदवी मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री होत.

परदेशी राहिल्या असत्या तर मान व पैसा दोन्ही मिळते. परंतु त्या त्याच वर्षी स्वदेशी परतल्या. काही काळ दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राच्या प्रमुख, नंतर निलगिरीतील कुन्नूर येथील पोषण-संशोधन प्रयोगशाळेत साहाय्यक संचालिका, असे त्यांचे दिवस गेले. कुन्नूरची ही संस्था मोठी नामांकित. तेथे पूर्वी सर रॉबर्ट मॅककॅरिसन ह्यांनी पांढऱ्या उंदरांस हिंदुस्थानातील निरनिराळ्या प्रांतांचा आहार घालून कोणाची वाढ कशी होते ते पाहिले होते. ह्या ठिकाणी आम्हांस शास्त्रातील दानीएलाची आठवण होते. राजाच्या पंगतीतले अन्न नाकारून दहा दिवस आपणांस डाळ-भाजी व पाणी द्या आणि मग तोंडे ताडून पाहा, असे त्याने कारभाऱ्यास सुचविले होते. दोन अन्ने, ठरलेली मुदत, शेवटी तुलना. प्रयोगाची रीत ती हीच. कमलाबाईंनी कुन्नूर येथे जीवनसत्त्वांच्या परिणामांवर काम केले. १९४७ साली विमागणिती श्री. मा. वि. सोहोनी ह्यांच्याशी विवाह होऊन त्या मुंबईस आल्या आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स ह्या सरकारी संस्थेत नव्याने निघालेल्या जीवरसायन विभागाच्या प्राध्यापक झाल्या.

मुंबईतील त्यांचे कार्य हाच ह्या चरित्राचा गाभा होय. त्यांनी विद्यार्थ्यांकडून परदेशी दुर्मिळ द्रव्यांवर काम करून घेतले नाही. बाजारात पोत्याने मिळणाऱ्या वस्तू प्रयोगशाळेत आणविल्या. आपल्या घरी होणाऱ्या वालाचे उदाहरण घ्या. वालात प्रथिने विपुल, पण ती पचविणाऱ्या ट्रिप्सिन नामक पाचक रसाची वाट अडविणारे एक द्रव्यही त्यातच असते. कमलाबाईंनी व त्यांच्या शिष्यांनी वाल व डबल बी ह्यांतून ते स्फटिकरूपात वेगळे करून १९५५ साली जगापुढे मांडिले. वाल भिजवून, मोड आणून, सोलून, चांगले शिजवावेत, ही आपल्या आज्यांची शिस्त किती शहाणपणाची होती ते येथे कळते. कारण अशा अडथळ्याचा जोर मुख्यतः उष्णतेनेच मोडतो. उलट जीवनसत्त्व क उष्णतेने नाश पावते. म्हणून एक वस्तू शिजवून व दुसरी कच्ची खाणे, हा नुसता रुचीचा प्रश्न नव्हे.

तथापि त्यांची कीर्ती झाली ती नीरेमुळे. आमच्या भागात नीरा म्हटले की प्रथम नदी व तिचा डावा कालवा डोळ्यांपुढे येतो. १८८५ च्या सुमारास हा कालवा सुरू झाला आणि बारामती व इंदापूर ह्या दुष्काळी तालुक्यांत ऊस व बागा उभ्या राहिल्या. दुसरी नीरा म्हणजे शिंदीच्या किंवा माडाच्या झाडाचा, रात्री मडक्यात साठणारा गोड रस. सूर्य वर येऊन ऊन लागले की हाच रस आंबू लागतो आणि त्याची ताडी बनते; म्हणून मडक्यास आतून चुना लावितात व रस पहाटे उतरवितात. १९४९ चा दारूबंदीचा कायदा मुंबई राज्यात झाला तेव्हा झाडे छेदणाऱ्या हजारो हातांपुढे पोटाचा प्रश्न उभा राहिला. नीरा व तिचा गूळ हा त्यावरील एक मार्ग होता. परंतु हा रस खरोखर पौष्टिक आहे, की ताडी सोडलेल्या लोकांच्या समाधानाकरिता केलेली ती नुसती स्तुती आहे? राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद ह्यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी हे काम हाती घेतले आणि दहाबारा वर्षे चालविले.

त्यांस नीरेत जीवनसत्त्व अ, जीवनसत्त्व क व लोह आढळले. आणि रस आटवून गूळ व काकवी केली तरी ह्या गुणांचा सर्वस्वी लोप होत नाही, असे दिसून आले. पुढे आदिवासी वस्त्यांतील कुपोषित मुलांस व गरोदर स्त्रियांस नीरा दिली असता त्यांच्या प्रकृतीत चांगली सुधारणा झाली. लोह व जीवनसत्त्व क ही जोडी महत्त्वाची आहे. भाकरीतील व पालेभाजीतील लोह आतड्यातून रक्तात जाण्यास जीवनसत्त्व क मोठे साहाय्य करिते. ह्या कामाबद्दल बाईंस राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले.

हे वाचताना आमचे मन वारंवार उसाच्या फडाकडे जाते. दरवर्षी दिवाळीनंतर बीड, नगर ह्या बाजूंची ऊसतोड कुटुंबे आमच्या मुलखात येतात, साखर कारखान्यांच्या आसपास त्यांच्या कोप्या पडतात. त्यांची मुले भल्या पहाटे आईबापांबरोबर फडात असतात. दोन प्रहरी फडक्यात बांधलेली भाकरी व चटणी. बांधाच्या पलीकडे मात्र पेरूने लवलेली झाडे! शंभर ग्रॅम पेरूत जीवनसत्त्व क सुमारे दोनशे मिलिग्रॅम असते, संत्र्यात तीस ते पन्नास. आणि मोठ्या माणसाची रोजची गरज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मताने ६५ ते ८० मिलिग्रॅमची आहे. म्हणजे एका मध्यम पेरूत मुलाची दिवसाची भरती होऊन उरते. डागाळल्यामुळे पेटीत न भरलेला पेरूही ह्या बाबतीत उणा नसतो.

कमलाबाईंस संस्थेच्या संचालकपदावर त्यांचा हक्क असूनही अंतर्गत राजकारणामुळे चार वर्षे वाट पाहावी लागली. शेवटी ते पद त्यांस मिळाले व १९६९ साली त्या निवृत्त झाल्या. निवृत्तीनंतरही त्यांची परीक्षकाची दृष्टी निवली नाही. मुंबईत १९६६ साली निघालेल्या कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी ह्या ग्राहकांच्या संस्थेत त्यांनी उमेदीने काम केले. १९८२-८३ साली त्या तिच्या अध्यक्ष होत्या, आणि संस्थेच्या कीमत नामक मासिकात गिऱ्हाइकास सावध करणारे लेख लिहीत होत्या. डबीवर काय छापले आहे आणि डबीत काय आहे, हे दोन प्रश्न निराळे आहेत, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक असणार?

डबीचा विषय निघाला म्हणून त्या पेरूवाल्या बाईंचा प्रश्न पुरा करू. फळे व भाज्या भरपूर खाणाऱ्यांस कित्येक रोग कमी होतात, असे दिसून आल्यावर त्यांतील रक्षक द्रव्ये गोळीत भरून दिली तर तोच लाभ होईल, असा तर्क निघाला. तर्क सुंदर होता. पण तो तपासून पाहणे भाग होते. फिनलंड देशात २९,००० हून अधिक विडीबाज पुरुषांवर केलेल्या चाचणीचा निकाल १९९४ साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी गाजराच्या रंगद्रव्याच्या, म्हणजे बीटा कॅरोटिनच्या, गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्या, त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग कमी न होता उलट अधिक आढळला. अमेरिकेतील तशीच दुसरी चाचणी १९९६ साली मुदतीपूर्वी थांबवावी लागली. फळात एकच द्रव्य नसते. तंतू, रंग, आम्ले अशी कित्येक द्रव्ये ठरावीक प्रमाणात मिसळलेली असतात, आणि त्यांपैकी कोणते काय करिते ह्याचा पूर्ण हिशेब शास्त्रज्ञांच्याही हाती अद्याप लागलेला नाही. शिवाय शरीरातील त्या ठिणग्या सर्वस्वी वाईटच असे नव्हे. रोगजंतूंस मारण्याकरिता आपल्या पांढऱ्या पेशी त्यांचाच उपयोग करितात. एखाद्यास खरीच उणीव असेल व डॉक्टरांनी तपासून गोळी दिली असेल, तर ती अवश्य घ्यावी. जाहिरात वाचून घेणे ही गोष्ट निराळी.

उशिरा का होईना, आम्ही हे सर्व त्या बाईंस एका कागदावर सोप्या शब्दांत लिहून मुलाबरोबर पाठविले. मुलगा दुसऱ्या दिवशी सांगत आला की, आईने कागद दोनदा वाचवून घेतला, आणि मग एवढेच विचारले की, हे तुमच्या सरांनी तेव्हाच का सांगितले नाही. ह्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

कमलाबाईंचे नाव मधल्या काळात बहुतेक विस्मृतीत गेले होते. आयुष्याच्या अगदी अखेरीस भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेस त्यांची आठवण झाली व १९९८ साली नवी दिल्ली येथे त्यांच्या सत्काराचा समारंभ योजिला गेला. पंचाऐंशी वर्षे उलटून गेलेल्या त्या वृद्ध बाई सभागृहात मोठ्या आनंदाने उपस्थित राहिल्या. समारंभ चालू असतानाच त्या एकाएकी कोसळल्या, आणि त्यानंतर अल्पावधीतच त्यांचे देहावसान झाले.